बिल्डर, आमदार, मंत्री : मंगलप्रभात लोढांच्या निमित्ताने

लाकडी_जिना (धागाकर्ता)

गेल्या रविवारी आमच्या चाळीत पुनर्विकासाची मिटिंग झाली, या वर्षातली चौथी. गच्चीवर सतरंजी, वायरला लटकवलेला एक बल्ब, आणि तेच सगळं, कार्पेट (घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा) किती देणार, कॉर्पस (रहिवाशांसाठीचा निधी) किती, ट्रान्झिटला (संक्रमण शिबिरात) जायचं की भाडं घ्यायचं, पागडीवाला मालक सही करणार का. तासभर वाद झाल्यावर तळमजल्यावरचे आप्पा, वय ८४, काठी आपटून म्हणाले, "अरे गेली तीस वर्षं आपला आमदारच बिल्डर आहे आणि आपण अजून बिल्डर शोधतोय!" सगळे इतके हसले की मिटिंग तिथेच संपली. पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंगलप्रभात लोढा, जन्म १९५५ चा, मूळचे जोधपूरचे. वडील गुमानमल लोढा हे स्वतः मोठं प्रस्थ, राजस्थानात जनसंघाचे आमदार, मग राजस्थान हायकोर्टाचे न्यायमूर्ती, गुवाहाटी हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती, आणि निवृत्तीनंतर पालीहून तीन वेळा खासदार (१९८९, १९९१, १९९६). म्हणजे "बिल्डरने पैसा कमावला आणि मग राजकारणात शिरला" हे इथे पूर्ण लागू नाही, राजकारण घरात आधीपासून होतं, बिल्डर ते नंतर झाले. १९८० च्या सुमारास मुंबईत येऊन बांधकामाचा धंदा सुरू केला, १९९५ ला मलबार हिलमधून भाजपचे आमदार झाले आणि त्यानंतर १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४, सलग सात वेळा. एकदाही पडले नाहीत. २०१९ ला मुंबई भाजपचे अध्यक्ष, आणि मंत्री मात्र थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे पहिल्यांदा निवडून आल्यावर सत्तावीस वर्षांनी.

मला पडलेला प्रश्न असा की आपण सगळे धरून चालतो की बिल्डर राजकारणात जातो तो परवानग्यांसाठी. मग या माणसाच्या बाबतीत तारखा का जुळत नाहीत? कंपनी सगळ्यात जास्त फुगली ती २००० ते २०१४ या काळात, आणि तेव्हा हे विरोधी बाकावर बसलेले! जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कटिंग_चहा

आप्पांना साष्टांग नमस्कार कळवा __/\__ धागा वाचतोय.

सातबारा

प्रकाश कसला टाकायचा, उजेडच आहे सगळा. मी अकरा वर्षं एका डेव्हलपरकडे (नाव विचारू नका, अजून ग्रॅच्युइटीचं भांडण चालू आहे) लायझनिंगला होतो. लायझनिंग म्हणजे काय ते सांगतो, लोकांना वाटतं सूटकेस घेऊन फिरणं. नाही. लायझनिंग म्हणजे फाईल कुठे आहे हे माहीत असणं. आयओडी (नकाशाची पहिली मंजुरी), सीसी (काम सुरू करायचा दाखला), प्लिंथ चेकिंग (पाया-जोत्याची तपासणी), पुढची सीसी, फायर एनओसी, लिफ्टचं लायसन, पाण्याचं कनेक्शन, ओसी (राहायला जायचा दाखला), या प्रत्येक पायरीवर फाईल कुठल्यातरी टेबलावर असते आणि ती लाल फितीने बांधलेली फाईल त्या टेबलावर एक दिवस जास्त राहिली तर मालकाचं व्याज चालू असतं. आमचे साहेब सकाळी विचारायचे, "फाईल कुठेय?" आणि उत्तर "साहेब, बघतो" असं आलं की त्या दिवशी चहा मिळायचा नाही.

आता यात आमदार असण्याचा उपयोग काय? आमदाराला फोन करावाच लागत नाही हो. टेबलावरच्या माणसाला माहीत असतं ही फाईल कोणाची. बस्स. सत्तेतला असो की विरोधी पक्षातला, तो सभागृहात उभा राहून प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी लावू शकतो. अधिकारी सत्ताधारी आमदारापेक्षा कधीकधी विरोधी आमदाराला जास्त वचकून असतो. त्यामुळे तुमच्या तारखांच्या कोड्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही. (कोणा एकाबद्दल बोलत नाहीये, सिस्टीमबद्दल बोलतोय, ॲडमिनसाहेब नोंद घ्या.)

लाकडी_जिना

सातबारा साहेब, मुद्दा भारी आहे, पण मग प्रत्येक बिल्डर आमदार का होत नाही? एक ओळखीचा आमदार "ठेवणं" जास्त स्वस्त पडत असेल ना? निवडणूक लढवायची, दर रविवारी दहीहंडी, हळदीकुंकू, गणपती मंडळं, कोणाच्या ना कोणाच्या दहाव्याला स्मशानात उभं राहायचं, आणि वर दर पाच वर्षांनी स्वतःची मालमत्ता शपथपत्रावर जगाला दाखवायची. धंदेवाईक माणूस हे तीस वर्षं का करेल?

हटवादी

कारण त्याला ते आवडतं!!! तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत परवानगी आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) दिसतो. माणूस संघाच्या मुशीतला आहे, वडील जनसंघाचे. जिना हाऊस (मलबार हिलवरचा जिनांचा बंगला) पाडून तिथे सांस्कृतिक केंद्र करा म्हणाले, धर्मांतराविरोधी कायद्यासाठी धडपडले, मंत्री झाल्यावर डिसेंबर २०२२ ला आंतरधर्मीय विवाहांची समिती काढली, हे सगळं काय फ्लॅट विकायला केलं का?

कोरडा_ओढा

@हटवादी, त्या समितीचा जीआर नीट आठवा. १३ डिसेंबरला निघाला तेव्हा त्यात आंतरजातीय पण होतं, बोंबाबोंब झाली आणि दोन दिवसांत आंतरजातीय शब्द काढावा लागला, फक्त आंतरधर्मीय राहिलं. त्याच्या पंधरा दिवस आधी प्रतापगडावर शिवप्रतापदिनाच्या कार्यक्रमात शिंद्यांच्या बंडाची तुलना महाराजांच्या आग्र्याहून सुटकेशी केली त्यावरून झालेला गदारोळ वेगळाच. आणि तेव्हा महिला व बालविकास खातं यांच्याकडे कसं आलं तर ९ ऑगस्टच्या त्या विस्तारात एकही महिला मंत्री नव्हती! १८ पुरुष. पुढे २०२३ ला ते खातं आदिती तटकरेंकडे गेलं.

हटवादी

मग? तुलना आवडली नाही म्हणून गुन्हा झाला का?

संपादक_मंडळ

धाग्याचं काश्मीर करू नये ही विनंती. विषय बिल्डर ते राजकारणी असा आहे.

हिशेबनीस

मी सीए आहे, त्यामुळे राजकारण बाजूला ठेवून फक्त आकड्यांबद्दल लिहिते.

लोक नेहमी एक घोळ करतात. २०१९ च्या शपथपत्रात लोढांची मालमत्ता सुमारे ४४१ कोटी. त्याच वर्षी ग्रोहे-हुरूनच्या यादीत लोढा कुटुंब देशातलं सगळ्यात श्रीमंत बिल्डर कुटुंब, ३१,९६० कोटी. मग व्हॉट्सॲपवर फिरतं की बघा बघा खोटं शपथपत्र. अहो, खोटं असायची गरजच नाही. फॉर्म २६ मध्ये उमेदवाराने स्वतःचं, जोडीदाराचं, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर त्याचं, आणि अवलंबून असलेल्यांचं लिहायचं असतं. सज्ञान, कमावती मुलं अवलंबित नसतात. कंपनी मोठा मुलगा अभिषेक चालवतो, तो एमडी. यादीवाले अख्ख्या कुटुंबाच्या हिश्शाची बाजारात काय किंमत होईल याचा अंदाज लावतात. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. २०२४ ला यांचा शपथपत्रातला आकडा साधारण ४४७ कोटी झाला, म्हणजे पाच वर्षांत जवळपास तिथेच.

आता याच्या उलट बघा. घाटकोपर पूर्वचे पराग शहा, ते पण बांधकाम व्यवसायातलेच. २०१९ ला साधारण ५०० कोटी, २०२४ ला ३,३८३ कोटी, राज्यातले सगळ्यात श्रीमंत उमेदवार. का? त्यात मोठा वाटा शेअर्सचा, आणि शेअरचा भाव चढला की शपथपत्र चढतं. शेअर स्वतःच्या नावावर असले तर सगळं दिसतं, नसले तर नाही. सारखाच धंदा, सारखाच कायदा, आणि मतदाराच्या हातात येणारे कागद किती वेगळे ते बघा.

(अवांतर: हे शपथपत्र आपल्याला बघायला मिळतं ते सुद्धा सुप्रीम कोर्टाच्या २००२ च्या निकालामुळे, एकाही पक्षाला ते हवं नव्हतं.)

कटिंग_चहा

घाटकोपरची गंमत तर अजून भारी. २०१९ ला तिकीट कोणाचं कापलं? प्रकाश मेहतांचं. मेहता कोण? जून २०१९ पर्यंतचे गृहनिर्माण मंत्री! गृहनिर्माण मंत्र्याला घरी बसवून तिकीट बिल्डरला. मधला माणूसच काढून टाकला म्हणा ना =))

सातबारा

कटिंग भाऊ, मेलो हसून.

गिरणगावची_लेक

मी लोअर परळला वाढले. बाबा गिरणीत होते, ८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. धागाकर्त्याच्या तारखांच्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं आमच्याकडे आहे.

१९९१ च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत (शहरात कुठे किती बांधायचं त्याचे नियम) कलम ५८ होतं. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ ला तो नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची, जिच्यावर शेड उभी आहे ती धरायचीच नाही. गिरणीत मोकळी जागा असते किती हो? चिमणीभोवतीचं अंगण. हायकोर्टाने २००५ ला लोकांच्या बाजूने निकाल दिला आणि मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. त्यानंतर जे टॉवर आले ते आले. श्रीनिवास मिलच्या जागेवर लोढांचं वर्ल्ड वन, २०१० ला जाहीर करताना ४४२ मीटर, जगातला सगळ्यात उंच राहता टॉवर होणार म्हणे, मग विमानतळाच्या उंचीच्या परवानगीत अडकला आणि २८० मीटरवर थांबला.

आता हे करणारं सरकार कोणाचं होतं? काँग्रेस-राष्ट्रवादीचं. नागरी कमाल जमीनधारणा कायदा रद्द केला नोव्हेंबर २००७ ला, सरकार तेच. वडाळ्याचा भूखंड एमएमआरडीएने २०१० ला लिलावात काढला, लोढांनी चार हजार कोटींच्या वर बोली लावून घेतला, सरकार तेच. तेव्हा हे भाजपचे आमदार, समोरच्या बाकावर. त्यामुळे माझं म्हणणं असं की यांना मोठं करायला यांच्या पक्षाची सत्ता लागलीच नाही. जमिनीच्या बाबतीत या शहरात विरोधी पक्ष नव्हताच कधी. युतीच्या काळात झोपडीधारकांना फुकट घराची योजना आली, त्यात बिल्डरला विकायला एफएसआय. आघाडीच्या काळात गिरण्या. रंग बदलला, हिशेब तोच.

आमच्या चाळीच्या गॅलरीतून आधी गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. आता रात्री टॉवरच्या टोकाचे लाल दिवे दिसतात, विमानासाठी लावलेले. आईला झोप येत नाही म्हणून ती तिकडे पाठ करून झोपते.

लाकडी_जिना

ताई, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला पाहिजे. तारखांचं कोडं सुटलं माझं.

निळजे_नाका

अरे सगळे मलबार हिल नि लोअर परळवरच बोलताय, आम्ही पलावावाले (लोढांनी वसवलेलं शहर) पण आहोत की! लोढांनी नाव कमावलं ते टॉवरमुळे असेल पण माणसं राहतात ती इकडे, कल्याण-शीळ रोडला. मी २०१६ पासून राहतोय. आतमध्ये आलात तर चकचकीत, झाडं, फुटपाथ (हो, खरा फुटपाथ, ज्यावर चालता येतं), शाळा, तळं. गेटच्या बाहेर पाय टाकला की महाराष्ट्र सुरू. सकाळी डोंबिवली स्टेशनला जायला बस, बसला रांग, रांगेला छत्री. जवळचं स्टेशन निळजे, दिवा-पनवेल मार्गावरचं, तिथे गाड्या इतक्या कमी की स्टेशनमास्तर ओळखतो. पलावाचा उड्डाणपूल जुलै २०२५ ला सुरू केला आणि काही तासांतच बंद करावा लागला, रस्ता गुळगुळीत म्हणून दुचाक्या घसरायला लागल्या. आता तो पूल सरकारी, यांचा काही संबंध नाही, पण मुद्दा तोच आहे. शहर खाजगी माणूस बांधू शकतो, पण स्टेशन, रस्ता, पाणी, हॉस्पिटल सरकारच देणार.

आणि गंमत म्हणजे शहर वसवणारा आमदार आमचा आमदार नाही, तो मलबार हिलचा. आम्ही त्याला मत देऊच शकत नाही, पाडूही शकत नाही. घर त्यांच्या कंपनीचं, मत तिसऱ्यालाच.

मी_सध्या_बंगळूर

निळजेकर, आमच्याकडे या बाबतीत जास्त प्रामाणिकपणा आहे. इथे विजयनगरचे आमदार एम. कृष्णप्पा, लोक त्यांना सरळ "लेआऊट कृष्णप्पा" म्हणतात. लेआऊट म्हणजे आपल्याकडचं प्लॉटिंग. टोपणनावातच बायोडेटा. मुलगा प्रिया कृष्ण शेजारच्या गोविंदराजनगरचा आमदार, त्याची २०१८ च्या शपथपत्रातली मालमत्ता १,०२० कोटी. पक्ष काँग्रेस. म्हणजे पक्षाचा काही संबंध नाही, जिथे शेतजमिनीचं बिगरशेती होतं तिथे पुढारी उगवतो. आपल्याकडेही वसई-विरारला हितेंद्र ठाकूर बघा ना, १९९० ला पहिल्यांदा आमदार, स्वतःचा पक्ष काढला, अख्खी महापालिका ताब्यात ठेवली, आणि २०२४ ला थोडक्यात पडले. ते मॉडेल वेगळं. तिथे जमीन, धंदा, मतदार सगळं एकाच तालुक्यात. लोढांचं तसं नाही, मतदारसंघ एकीकडे, धंदा भलतीकडे. मला वाटतं सात वेळा टिकण्याचं रहस्य तेच आहे. ज्याला फ्लॅटचा ताबा उशिरा मिळाला तो माणूस मतदार नसलेलाच बरा!

पुन्हा_ऑपेरा_हाऊस

बंगळूरवाल्यांनी खरी नस पकडली. आता मी जरा मतदारसंघाचं सांगतो, कारण मी तिथला जुना मतदार.

लोकांना वाटतं मलबार हिल म्हणजे राज्यपाल, उद्योगपती, समुद्र. अर्धं खरं. २००८ च्या पुनर्रचनेआधी आमचा ऑपेरा हाऊस मतदारसंघ वेगळा होता, शिवसेनेचा बालेकिल्ला. पुनर्रचनेत मुंबई शहराच्या जागा १७ वरून १० वर आल्या, उपनगरांच्या १७ वरून २६. माणसं उपनगरात गेली तशा जागाही गेल्या, आणि ऑपेरा हाऊस नकाशावरून पुसला गेला. आमच्यापैकी बरेच मलबार हिलच्या पोटात. तेव्हा आम्ही म्हणायचो की आता बघू, गिरगावची मराठी मतं आली की यांचं कठीण आहे. कसलं काय. चाळी रिकाम्या होत गेल्या, पोरं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली, उरले म्हातारे. जे उरले त्यांनीही युतीत असताना कमळावर शिक्का मारायची सवय लावून घेतली. २०१९ ला मताधिक्य सत्तर हजारांच्या वर, २०२४ ला ठाकरेंच्या शिवसेनेचा उमेदवार समोर होता तरी अडुसष्ट हजारांच्या आसपास.

आणि एक कबूल करायला पाहिजे. गुजराती, मारवाडी, जैन मतदार त्यांना आपला माणूस मानतो, ते त्यांच्यासाठी उभेही राहतात. २०२५ ला दादरच्या कबुतरखान्याचा वाद झाला तेव्हा महापालिका एकीकडे, कोर्ट एकीकडे, मराठी संघटना एकीकडे, आणि हे कबुतरांना पर्यायी जागा द्या म्हणून पुढे. त्या मतदाराने ते लक्षात ठेवलंय. आम्हाला खोकला येतो ते आम्ही लक्षात ठेवलंय.

हटवादी

बघा आलात ना मराठी-अमराठीवर.

पुन्हा_ऑपेरा_हाऊस

आलो नाही हो, तिथेच राहतो.

सातबारा

ऑपेरा हाऊस, दणका :))

हिशेबनीस

अजून एक बाजू कोणी मांडली नाही म्हणून परत येते. धंद्याच्या दृष्टीने हा प्रवास काही सरळ चढता नव्हता. शेअर बाजारात यायचा पहिला प्रयत्न २००९ चा, फसला. दुसरा २०१८ चा, तोही सोडला. मधल्या काळात २०१३ ला लंडनमध्ये ग्रोव्हनर स्क्वेअरला कॅनडाच्या हायकमिशनची इमारत तीस कोटी पौंडांच्या वर देऊन घेतली. कर्ज डोक्यावर, २०१६ ला नोटबंदी, २०१७ ला रेरा (बिल्डरांवर नियंत्रणाचा केंद्राचा कायदा), २०१८ ला आयएलअँडएफएस ही मोठी वित्तसंस्था कोसळल्यावर बिल्डरांना कर्ज देणारेच आटले. शेवटी एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट भरात असताना अडीच हजार कोटींचा आयपीओ, मॅक्रोटेक डेव्हलपर्स नावाने. शेअर ४८६ रुपयांना दिला आणि त्याच्या खालीच लिस्ट झाला. त्यातले दीड हजार कोटी कर्ज फेडायलाच होते. मी स्वतः तेव्हा अर्ज केला नव्हता आणि पुढची चार वर्षं नवऱ्याचं ऐकून घेतलं, असो.

रेराबद्दल थोडं. ग्राहकाचे ७० टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचे, ही अट आल्यापासून एका साईटचे पैसे दुसऱ्या साईटच्या जमिनीला वापरायचा जुना खेळ अवघड झाला. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २०१२ लाच स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा विधिमंडळात मंजूर केला होता, नंतर केंद्राचा आल्यावर तो रद्द झाला. म्हणजे जे सभागृह बिल्डरांसाठी कायदा करत होतं त्या सभागृहात बिल्डर सदस्य होते. हे बेकायदेशीर नाही. शेतकरी आमदार शेतीच्या कायद्यावर मत देतोच की. पण शेतकऱ्याच्या आमदारकीने कांद्याचा भाव ठरत नाही.

कोरडा_ओढा

हिशेबनीस ताई, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

यावरून एक. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, मंत्री झाल्यावर मालकी सोडायची गरज नाही पण धंद्याच्या कारभारापासून हात काढून घ्यायचा. आता लोढांकडे आजवर कुठली खाती आली बघा. पर्यटन, महिला व बालविकास, कौशल्य विकास. २०२४ च्या फडणवीस सरकारात पुन्हा कौशल्य. गृहनिर्माण कधीच नाही, नगरविकास कधीच नाही. सात टर्म, मुंबई अध्यक्षपद, एवढा ज्येष्ठ माणूस, आणि ज्या एका विषयातलं त्याला पक्षातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं ते खातं त्याला देताच येत नाही. पक्षालाही माहीत आहे ते दिलं तर दुसऱ्या दिवशी हेडलाईन काय असेल. जुलै २०२३ ला उपनगरचे पालकमंत्री म्हणून महापालिका मुख्यालयात नुसतं एक दालन मिळालं तर केवढा दंगा झाला होता, आदित्य ठाकरेंपासून सगळे तुटून पडले. नगरसेवक नाहीत आणि पालकमंत्री महापालिकेत बसतो म्हणून आरडाओरडा होता, पण त्या बसणाऱ्याचं आडनाव हेच होतं म्हणून आवाज दुप्पट.

जोशी_वाचनमात्र

इतकी वर्षं फक्त वाचतो, आज लिहितो. लोढा समिती, क्रिकेटवाली, ती यांच्या वडिलांची का?

कोरडा_ओढा

नाही हो, ती माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढांची. जोधपूरचेच, पण ते वेगळे. यांच्या वडिलांचा आयोग गोवंशावरचा होता, २००२ ला अहवाल दिला.

कटिंग_चहा

आडनावावरून आठवलं, मंगलप्रभात लोढांच्या पोरांचं भांडण कोणी काढलं नाही अजून? जानेवारी २०२५ ला मोठ्या भावाच्या कंपनीने धाकट्याच्या कंपनीवर, हाऊस ऑफ अभिनंदन लोढावर, मुंबई हायकोर्टात दावा ठोकला, "लोढा" हे नाव वापरू नका आणि पाच हजार कोटी भरपाई द्या. धाकटा कोकणात, अयोध्येत प्लॉट विकतो. कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती रवींद्रन यांना मध्यस्थ नेमलं आणि एप्रिलमध्ये मिटलं, मोठ्याकडे लोढा, धाकट्याकडे पूर्ण नावासकट हाऊस ऑफ अभिनंदन लोढा. आणि मग मॅक्रोटेकचं नाव बदलून पुन्हा लोढा डेव्हलपर्स.

माझ्या डोक्यात वेगळंच आलं. ज्या नावासाठी दोन भाऊ पाच हजार कोटींच्या दाव्यापर्यंत गेले, ते नाव बाप गेली तीस वर्षं दर निवडणुकीत यंत्रावर, भिंतींवर, मंडळांच्या कमानींवर फुकटात छापून घेतोय. जाहिरात एजन्सीला विचारा याची किंमत.

सातबारा

कटिंग, आज तू फॉर्मात आहेस. पण उलटं पण आहे. नाव एक असल्यामुळे एखाद्या बिल्डिंगला गळती लागली तरी लोक आमदाराला शिव्या घालतात, आणि आमदार सभागृहात काही बोलला की फ्लॅट घेणारा विचार करतो. आमच्या साहेबांना एकदा एका पक्षाने तिकीट विचारलं होतं. ते म्हणाले, "माझ्याकडे सोळाशे फ्लॅटधारक आहेत, त्यातले नऊशे माझ्यावर चिडलेत. मी प्रचाराला जाऊ कुठे?"

मी_सध्या_बंगळूर

हेच हेच! मी वर म्हणालो तेच.

लाकडी_जिना

बऱ्याच जणांनी बरंच दिलं, आभार. धागा काढला तेव्हा मला वाटत होतं की उत्तर एकच असेल, एक तर "परवानग्यांसाठी" किंवा "विचारधारेसाठी". आता वाटतं की जमिनीचं राजकारण सगळ्यांचं मिळून होतं, त्यासाठी आमदारकी लागत नव्हती, आणि आमदारकी जिथे केली तिथे विकायला फारसं काही नव्हतं. दोन आयुष्यं शेजारी शेजारी चालली, मधली भिंत किती जाड ते बाहेरून कळायला मार्ग नाही. शपथपत्राने ती थोडी दिसते, खात्यांच्या यादीने अजून थोडी.

काल आप्पांना हा सगळा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. गिरणगावच्या ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "ते सगळं ठीक आहे. पण आपल्याला कार्पेट किती देणार ते विचारलंस का त्यांना?" म्हटलं आप्पा, हा गप्पांचा धागा आहे, इथे कोणी कार्पेट देत नाही. तर म्हणाले मग कशाला बॅटरी संपवतोस.

रविवारी पाचवी मिटिंग आहे. नवीन बिल्डर येतोय, नकाशा घेऊन. सातबारा साहेब, उपकरप्राप्त इमारतीत ३३(७) (जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचं कलम) खाली भाडेकरूला कार्पेट किती मागावं, आणि भाड्याचे पोस्टडेटेड चेक किती महिन्यांचे आधी घ्यावेत, जरा व्यनि करता का?

सातबारा

करतो. पण आधी सांगा, मालकाच्या सहीचं काय झालं?

लाकडी_जिना

मालकाचा पुतण्या आला नाही अजून.